एक्केचाळीस नंबरची नळी

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला संग्रहालयाचं दार उघडलं तेव्हा चांदीची अत्तरदाणी जागेवर नव्हती, आणि अकरा वाजता लहानू गजभिये ठाण्यात बसलेला होता. मधल्या अर्ध्या तासात कोणी डोकं चालवलं असेल असं मला वाटत नाही.

गाव उमरेडच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून जिवंत आहेत आणि त्यांना मतंही पडतात. साल चौऱ्याहत्तर. मी नागपूरच्या एका कचेरीत चौकशी कारकून होतो. गावोगावच्या लहान संग्रहालयांवर आमच्या कचेरीची देखरेख असे. संचालक साहेब शनिवारी ते संग्रहालय पाहायला येणार होते. म्हणून आमच्या कचेरीतल्या साहेबांनी मला बुधवारी सकाळच्या एसटीत बसवलं आणि सांगितलं, "गिरिधर, शनिवारच्या आत ते मिटवून ये." शोधून ये असं म्हणाले नाहीत. फरक मला तेव्हाच कळायला हवा होता.

संग्रहालय म्हणजे जुन्या जिनिंगचं एक गोदाम. दारावर संगमरवरी पाटी, पाटीवर अध्यक्ष मधुकरराव यांच्या वडिलांचं नाव. आत तलवारी, कोष्ट्यांचे धोटे, नाणी, नांगर, जाती. सगळ्यावर काळी बारीक भुकटी. कोळशाचे ट्रक दिवसभर समोरून जातात. एक दिवस पुसलं नाही तर फरशीवर बोटानं नाव लिहिता येतं.

लहानू पायरीवर बसला होता. ठाण्यातून सोडलं होतं, पण रोज दोनदा हजेरी. पन्नाशीचा, खाकी सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या.

"साहेब, मी पंधरा वर्षं रोजंदारीवर आहो," तो म्हणाला. "एक तारखेपासून परमनंटचा हुकूम आला. कागद आला, वाचला मी. अन् हे झालं."

"चावी कोणाकडे असते?"

"चौघांकडं. मी, चंद्रभानबाबू, शोभाताई अन् मधुकरराव मालक. पन ठाण्यात एकाच चावीचं नाव लिहिलं."

"तू घेतलीस?"

"तुम्ही इचारलं तरी. जमादारानं थे बी नाही केलं."

मी आत गेलो. कपाट पाहिलं. कुलूप चावीनं उघडलेलं. आत अत्तरदाणीच्या जागी गोल डाग. पण बाजूलाच चांदीचं पानदान तसंच होतं, अत्तरदाणीच्या तिप्पट वजनाचं. चोरानं त्याला हातही लावला नव्हता.

आणि मग मी भिंतीकडे पाहिलं. शेतीच्या सामानाच्या भिंतीवर चाळीस नंबरचं कार्ड होतं, बेचाळीस नंबरचं होतं. मध्ये दोन खिळे रिकामे. पंचनाम्यात त्याचा एक शब्द नव्हता.

२

"एक्केचाळीस काय होतं?" मी चंद्रभानला विचारलं.

चंद्रभान तिथला कारकून. कोष्ट्याच्या घरचा, घरी अजून माग चालू. कानावर पेन्सिल, तोंडात खर्रा.

"थे? थे बांबूची नळी होती साहेब. सहा फूट. त्याचं काय?"

"तीही गेली आहे."

त्यानं मान वळवून पाहिलं. दोन दिवस तो त्या भिंतीसमोर बसत होता. "अरे हो की गा," तो म्हणाला. "बांबू कोन चोरते पन?"

त्यानं नोंदवही काढली. 'क्र. ४१. शेतीला पाणी देण्याचे साधन. बांबू.' देणगीदार मधुकररावांचे वडील, साल एकसष्ट. त्याच पानावर वर, 'क्र. १२. अत्तरदाणी, चांदी.' देणगीदार तेच. पानदान मात्र दुसऱ्या घराण्याचं होतं.

"दिसायला कशी होती नळी?"

"बांबू म्हणजे बांबू. मधल्या गाठी फोडून पोकळ केलेला. एका टोकाकडं, वीतभर सोडून, तांब्याची तार गुंडाळली होती. तडकली असन म्हणून बांधली असन. मीच आणली होती मालकाच्या घरून. मधात धरली, खांद्यावर टाकली अन् आलो पायी."

मी खिळ्यांच्या खाली वाकलो. लहानूला पोलिसांनी झाडूला हात लावू नको सांगितलं होतं, त्यामुळे सोमवारच्या सुटीतली भुकटी फरशीवर तशीच होती. पंचांनी तुडवलं होतं ते कपाटापर्यंत. भिंतीच्या कडेनं पंच गेले नव्हते. तिथे चपलांच्या पुसट खुणांशेजारी एक रेघ होती. खिळ्यांपासून मागच्या दारापर्यंत एकच, बारीक, सरळ रेघ. काहीतरी ओढत नेल्याची.

"लहानू," मी हाक मारली, "तू ती नळी पुसायला कशी न्यायचास?"

"खांद्यावर टाकून. अंगणात नेऊन पुसायचो, कपडा फिरवायचो, पुन्हा टांगायचो. काहून?"

सहा फुटांचा हलका बांबू. लहान पोरगंही तो मध्ये धरून उचलेल. हा कोणीतरी एका टोकाला धरून ओढत नेला होता.

मला तेव्हाच कळलं. खरं सांगायचं तर पोटात कळलं, डोक्यात नंतर. पण मी ते स्वतःशीसुद्धा बोललो नाही.

३

शोभाताई तिथल्या शाळेत इतिहास शिकवत. संग्रहालयाच्या मानद चिटणीस. माहेर नागपूरचं, धंतोलीचं. वय तिशीच्या आत. संतापलेल्या होत्या, पण आवाज वर्गातल्यासारखा एकसुरी.

"नळी गेली हे मी मंगळवारीच जमादारांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, बांबूचा पंचनामा करू काय. आणि कार्डही गेलंय, ते पाहिलंत?"

"कुठलं कार्ड?"

"मी शुक्रवारी लावलेलं. नवं."

त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या गुरुवारी लहानूची आई, तुळसाबाई, त्याचा डबा घेऊन आली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती आत आली, कारण बाहेर ऊन होतं आणि शोभाताईंनीच बोलावलं. एक्केचाळीस नंबरसमोर ती थांबली. अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून विचारलं, इथं काय लिहिलं वं बाई. शोभाताईंनी वाचून दाखवलं, शेतीला पाणी देण्याचे साधन. म्हातारी हसली.

"मला वाटलं, तिला नवल वाटलं," शोभाताई म्हणाल्या. "मग तिनं ओंजळ केली. अशी, खाली वाकून. आणि म्हणाली, शेतीले नाही वं, आम्हाले."

त्यांनी हात मोकळे केले.

"मी दुसऱ्या दिवशी कार्ड बदललं. 'विहिरीवरून अस्पृश्यांच्या ओंजळीत पाणी ओतण्याची नळी. माहिती : श्रीमती तुळसाबाई गजभिये.' विहीर कोणाची ते लिहिलं नाही. मधुकरराव संध्याकाळी आले. काढा म्हणाले. मी म्हटलं, काढते, अध्यक्ष म्हणून तसं लिहून द्या, कारणासकट."

"दिलं?"

"तीन दिवस कागद पुढे ठेवून बसले असतील. नाही दिलं."

"नळीची वरची बाजू कोणती?"

"म्हणजे? आडवीच टांगलेली होती. दोन्ही टोकं सारखीच. एकीकडे तार होती, दुरुस्तीची असावी."

मी मान डोलावली. ती तार दुरुस्तीची नव्हती.

४

लहानूचं घर वस्तीच्या पहिल्या ओळीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली उदबत्तीची राख. छप्पन साली हे सगळं घर बैलगाडीनं नागपूरला जाऊन आलं होतं. तुळसाबाई दाराशी बसून लाखोळीची डाळ निवडत होती. मी बसायला लागलो तर तिनं पोतं झटकून दिलं.

"पोलिसवाला हाय का तू?"

"नाही माय. नागपूरच्या कचेरीतला."

"मंग तं काहीच नाही तू," ती म्हणाली, आणि डाळ निवडत राहिली.

मी नळीचं विचारलं.

"मालकाच्या इहिरीवर होती. आम्ही खाली नालीपाशी बसाचो. वरून बाई नाहीतर पोरगं ओताचं. तार असे ना त्याले, त्या तारेच्या वर त्याईचा हात. तारेच्या खाली त्याईनं धरलं तं आंघोळ करा लागे. अन् वरचं टोक आम्ही धरलं तं..." कपाळाच्या कडेला केसांत एक जुना वण होता, त्यावरून बोट फिरवलं आणि पुन्हा डाळीत हात घातला.

"मधुकरराव ओतायचे?"

"दहा-बारा वर्षांचा होता तवा. मुद्दाम थेंब-थेंब सोडे. मंग हासे. बारकं पोरगं होतं, त्याले काय समजते."

"तुम्ही त्यांच्यावर रागावला नाहीत?"

तिनं वर पाहिलं. "मी तहानली होती ना बाप्पा. रागाले कवा वेळ होता?"

परत येताना लहानू मला एसटी स्टँडजवळच्या माझ्या मुक्कामापर्यंत सोडायला आला. वाटेत एकदाच बोलला. "माय म्हणे, चोरी तुह्यावर आली थे माह्या तोंडानं आली. दोन दिवस झाले, जेवली नाही. तिले सांगा ना साहेब तुम्ही, तसं नाही म्हणून."

मी हो म्हटलं. पण ते तसंच होतं.

५

गुरुवारी सकाळी मी रेघेच्या मागं गेलो. मागचं दार, मग जिनची पडीक जागा, मग कोरडी विहीर. नळी जाळलेली नसणार याची मला खात्री होती. आमच्याकडे घरात बांबू जाळत नाहीत, वंशाला लागतं म्हणतात. आणि हे काम गड्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. गडी बोलले असते.

नळी विहिरीत तिरपी अडकली होती. लहानूनं दोर टाकून वर काढली. दोरानंच धरून आडवी गवतावर ठेवली, आणि आम्ही दोघं वाकून पाहू लागलो.

अंगभर भुकटीचा पातळ थर होता. खालचं टोक फरशीवर घासून पांढरं पडलेलं. बाकी सगळ्या बांबूवर, दोराची खूण सोडली तर, एकाही बोटाचं चिन्ह नव्हतं. फक्त तारेच्या वर, त्या वीतभर जागेत, पाचही बोटं स्पष्ट उमटली होती.

साठीतला माणूस. एकटा. घाईत. कोणी पाहत नव्हतं, तरी त्याचा हात तारेच्या खाली उतरला नाही.

मी जमादाराला बोलावणं पाठवलं. ठसे घ्या म्हटलं.

"बांबूच्या तुकड्यासाठी नागपूरहून मानूस बलावू?" जमादार म्हणाला. "तुमी बी साहेब, गंमतच करून राहिले."

नळी तो ठाण्यात घेऊन गेला. मी मधुकररावांच्या घरी गेलो.

त्यांनी मला ओसरीवर बसवलं. पंखा लावला. चहा आला, बशीत चिवडा आला. धोतर, पांढरा सदरा, चष्म्याला सोन्याची काडी. माणूस वाईट बोलणारा नव्हता. सगळं गाव त्यांना भला म्हणे.

"एक्केचाळीस नंबरची नळी सापडली," मी म्हटलं.

"हो का? कुठं?"

"विहिरीत. तुम्हाला आठवते का कशी होती?"

"बांबूच तो. वरच्या अंगाले तार होती थोडी."

"आडव्या टांगलेल्या बांबूला वरचं अंग कोणतं, मधुकरराव?"

त्यांनी चमचा बशीत ठेवला. मी पुढं बोलत गेलो. चंद्रभाननं ती खांद्यावर आणली. लहानू रोज खांद्यावर न्यायचा. शोभाताईंच्या लेखी दोन्ही टोकं सारखी. या तिघांपैकी कोणीही नेली असती तर मध्ये धरून नेली असती. तार कशासाठी होती हे अंगात मुरलेला माणूसच ती टोकाला धरून ओढत नेईल. आणि अत्तरदाणी. चोरानं जड पानदान सोडलं, कारण ते परक्याचं. स्वतःच्या घरची वस्तू उचलली म्हणजे चोरी होत नाही, असं चोराला वाटलं.

"कपाटात आहे," ते आतल्या खोलीकडे मान करून म्हणाले. "आईची होती थे. नुसती नळी गेली असती तं गावानं माह्याकडंच पाह्यलं असतं. म्हणून उचलली." मग म्हणाले, "बाई म्हणे लिहून द्या. काय लिहू सांगा ना तुम्ही? दारावर बापाचं नाव आहे, अन् आत त्याची नळी. शनिवारी डायरेक्टर येईन, पेपरवाले येतीन. सारं गाव कपडे उतरवून पाहीन आमाले."

"आणि लहानू?"

"त्याचं नुकसान होऊ देनार नाही मी. मनात नव्हतं तसं."

"तो ठाण्यात बसला होता तेव्हा तुम्ही कुठं होता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच.

"तुमचं गाव कोनतं, गिरिधरराव?"

मी सांगितलं. काटोलकडचं.

"शेती? घरची इहीर?"

"हो."

"मंग तारेचं तुमाले कोनी सांगा नाही लागलं." त्यांनी चष्मा घातला. "तुमच्याही घरी होती ना?"

"होती," मी म्हटलं.

"मंग चहा घ्या," ते म्हणाले. "थंडा होऊन राहिला."

६

दुपारी पोस्टातून मी साहेबांना ट्रंक कॉल लावला. सगळं सांगितलं. ते ऐकत होते.

"अत्तरदाणी मिळाली ना?"

"हो साहेब, पण..."

"मग ये परत."

"त्या माणसावर खोटा आळ..."

"आळ काढून टाकायला सांग. बांबूचं कशाला लिहितोस? तुला चौकशी चांदीची दिली होती."

मी ठाण्यात गेलो. नळी अंगणात नळाखाली धुऊन उभी करून ठेवली होती. चकचकीत. जमादार म्हणाला, "मळकी होती साहेब. साफ केली."

शुक्रवारी सकाळी कागद तयार होता, चंद्रभाननं टाइप केलेला. 'साफसफाई करताना क्र. १२ व क्र. ४१ या वस्तू माझ्या हातून इकडेतिकडे ठेवल्या गेल्या व मी विसरलो. पुढे असे होणार नाही.' खाली सहीची जागा. सही केली तर लेखी ताकीद, आणि एक तारखेपासून परमनंट. नाही केली तर चोरीचा खटला कोर्टात, निकाल लागेपर्यंत कामावरून बंद.

शोभाताई चिडल्या. "सही करू नका, लहानूभाऊ. मी साक्ष देते."

"कशाची द्याल ताई?" लहानूनं विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होता. "तुम्ही पाह्यलं काय कोनाले?"

मी म्हटलं, "मी खरा अहवाल लिहितो. वर पाठवतो. कोणीतरी वाचेल."

"तुम्ही आज नागपूरले जाल साहेब. मी इथंच राहीन. पानी आता नळाले येते, पन नळ बी त्याईच्याच घरापासून येते."

त्यानं कागद घरी नेला. तासाभरानं आणला. सही होती. स्वच्छ अक्षर, पूर्ण नाव, लहानू सदाशिव गजभिये.

"माय काय म्हणाली?"

"माय म्हणे, कर. म्हणे, मी बी वाकलीच होती, तहान भागली ना." मग म्हणाला, "जेवली आज."

मी माझा अहवाल लिहिला. सात पानं. तो फायलीत लागला, फायलीला फीत बांधली, आणि पुढं त्याचं काय झालं हे विचारण्याइतका मोठा मी त्या कचेरीत कधीच झालो नाही. विचारता आलं असतं तेव्हाही विचारलं नाही.

माझी बस चारला होती. तीनला मधुकररावांनी नवं कार्ड पाठवलं, सुंदर अक्षरात लिहून. कोणाला वाटू नये की म्हातारीचा मान राखला नाही, म्हणून त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं.

'क्र. ४१. शेतीला पाणी देण्याचे साधन. बांबू. माहिती : श्रीमती तुळसाबाई गजभिये.'

शोभाताईंनी ते वाचलं आणि शाळेत निघून गेल्या. त्यांनी त्याच दिवशी चिटणीसपद सोडलं. त्या जागी दुसरं कोणी आलं असेल.

लहानूनं कार्ड वाचलं. दोनदा. टाचणी काढली, लावली, सरळ आहे का पाहायला दोन पावलं मागं आला. मग कोपऱ्यातून नळी आणली, खांद्यावर टाकून.

"साहेब, जरा एक टोक धरता काय? एकट्यानं खिळ्यावर बरोबर बसत नाही."

मी पुढं झालो. माझा हात गेला तो थेट तारेच्या वर. मी विचार केला नव्हता. माझ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्या हातानं काय काय केलं होतं, लहानूच्या हातचा चहा घेतला होता, त्याच्या आईच्या पोत्यावर बसलो होतो, सात पानं लिहिली होती. पण हात तिथंच गेला, वीतभर जागेत, जिथं बोटं मावतात तेवढ्यात.

लहानूनं पाहिलं. मीही पाहिलं त्यानं पाहिलेलं.

"मधात धरा साहेब," तो म्हणाला. "काही होत नाही."

मी हात खाली सरकवला. आम्ही नळी टांगली.